पाचव्या गाण्याचा निकाल

फोटोतल्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, केस उभे होते. सगळे नव्हेत. बांगड्यांच्या बाजूचे आडवे होते, कोपराकडचे तिरके, आणि मधल्या रुपयाएवढ्या जागेतले मात्र प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पहिलीच्या वर्गासारखे ताठ. उज्वलाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, बाजूला सरकवला, आणि उजव्या कडेला तिला हवं ते सापडलं. जाळीची एक गोल कड.

"पंखा आहे," ती म्हणाली.

"कुठे?" राजेंद्रने चहाचा कप खाली ठेवला.

"रूपालीच्या शेजारी. टेबलफॅन. गार वारा लागला की केसाच्या मुळाशी असलेला स्नायू आकसतो आणि केस उभा राहतो. त्याला गाणं लागत नाही."

"बंद असेल पंखा."

"पाती दिसत नाहीयेत. म्हणजे फिरतायत."

राजेंद्र महाडच्या कोर्टात कारकून होता. पुरावा इतका भक्कम असला की गप्प बसावं हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. त्याने चहा संपवला आणि तो छत्री शोधायला गेला.

फोटोखाली रूपालीने लिहिलं होतं, 'तुरेवाल्यांचा नवा अल्बम ऐकला. चार काटे!!!' आणि त्याखाली ग्रुपमधल्या लोकांनी बदामांची रास घातली होती. लाल बदाम, पिवळे बदाम, एक धडधडणारा बदामसुद्धा.

ग्रुपचं नाव 'नवं काय ऐकलं'. महाड आणि पोलादपूरकडची चाळीसेक माणसं त्यात होती. वर्षभर कुठलाही नवा अल्बम आला की सगळे त्यावर मत द्यायचे. पण खरा हंगाम श्रावणाचा. गणपतीच्या तोंडावर वाडीवाडीची नाचाची मंडळं आपापले अल्बम काढतात. तुरेवाले शंकराच्या बाजूचे, शक्तीवाले पार्वतीच्या. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि जवाब आला नाही तर हार. मग कोण भारी यावर गणपतींचं विसर्जन होऊन जातं तरी वाद चालू असतात.

उज्वला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, आणि अभिप्राय कसा लिहावा हे या ग्रुपला तिनेच शिकवलं होतं, निदान तिची तशी समजूत होती. शब्द, चाल, ताल, उच्चार आणि ध्वनिमुद्रण यांना वेगवेगळे गुण, त्यांची सरासरी, शेवटी टीप. 'गवळणीत ढोलकी किंचित पुढे. कोरसमधील एक आवाज सर्दी झालेला. सरासरी ६.७५.' एवढं लिहायला तिला अख्खी संध्याकाळ लागे. त्यावर एक अंगठा येई, तो हैबतीकाकांचा. हैबतीकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि ग्रुपवर जे येईल त्याला अंगठा देत. पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेलाही देत आणि निधनवार्तेलाही.

रूपाली वरच्या मजल्यावर राहायची. बाजारपेठेत तिचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. ती चैत्रात ग्रुपमध्ये आली आणि तिचा पहिलाच अभिप्राय होता, 'अगं बाई, काटा आला!' बस्स. दुसराही तोच. मग लोकच विचारू लागले, "रूपालीताई, किती काटे?" आणि काटा हे महाड तालुक्यात संगीत मोजायचं एकक होऊन बसलं. ज्या एककाची व्याख्या नाही, प्रमाण नाही, जे पंख्याच्या वेगाप्रमाणे बदलतं, त्यापुढे सरासरी ६.७५ चारी मुंड्या चीत झाली.

हेही उज्वलाने सोसलं असतं. पण चार काटे मिळालेल्या अल्बममधलं पाचवं गाणं राजेंद्रने लिहिलं होतं आणि गायलंही होतं.

राजेंद्र पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. तिथल्या तुरेवाल्या मंडळासाठी तो दर साली एक गाणं करायचा. आणि दर साली उज्वला त्या अल्बमवर सविस्तर अभिप्राय लिहायची. त्याच्या गाण्यापुढे मात्र दोनच शब्द. 'निकाल राखीव.' कारण सरळ होतं. स्वतःच्या घरातलं मूल परीक्षेला बसलं असेल तर त्या विषयाच्या उत्तरपत्रिका आपण तपासत नाही. नियम आहे.

"कोर्टातसुद्धा राखून ठेवलेला निकाल कधीतरी लागतो गं," राजेंद्र एकदा म्हणाला होता. ती हसली होती. तो विनोद आहे असं तिला वाटलं होतं.

या साली तो काहीच म्हणाला नाही. रूपालीचा निरोप आल्यावर मात्र आरशापुढे भांग पाडताना शीळ घालत होता. ती शीळ सकाळभर उज्वलाच्या कानात होती, आणि तिच्यातही ताल घसरत होता.

त्यातच शाहीर कुशाबांचा आवाजी निरोप ग्रुपवर आला. मंडळाचे म्होरके ते. "रामराम मंडळी. अल्बमचा सोहळा वाडीत देवळात हाय. तुमच्यातला कोन तरी एक जानकार मानूस पाठवा, मंचावरनं दोन शबूद बोलाया. शक्तीवाले पन येनार हायत. आपली इज्जत ठेवा म्हंजे झालं."

जाणकार म्हटल्यावर उज्वलाने मनातल्या मनात कोणती साडी ते ठरवलं. ओंकार नावाच्या उत्साही माणसाने ग्रुपवर मतदान लावलं नसतं तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत रूपालीची रेघ पडद्याच्या टोकाला टेकली होती आणि उज्वलाची रेघ एका मतावर थांबली होती. ते मत तिचं स्वतःचं नव्हतं. स्वतःला मत देणं तिच्या नियमात बसत नव्हतं. हैबतीकाकांनी सवयीने दोघींना दिलं होतं.

तेव्हा उज्वलाने ठरवलं. तिला काटा यायलाच हवा होता.

प्रयत्न पद्धतशीर झाला. तिने चांगला हेडफोन लावला, खिडकी लावली, पंखा बंद केला, डावा हात उशीवर ठेवला आणि पूर्ण अल्बम ऐकला. गण झाला, गवळण झाली. हातावरचे केस इस्त्री केल्यासारखे झोपून होते. पाचव्या गाण्याला तर तिचं लक्ष हाताकडेही राहिलं नाही, कारण दुसऱ्याच ओळीत तिला चूक सापडली.

"अहो, तुमच्या गाण्यात तराजू काचेच्या घरात का आहे?" तिने जेवताना विचारलं.

राजेंद्रचा घास हातातच राहिला. "का म्हणजे?"

"देवीला सवाल टाकलाय ना? देवीचा तराजू असेल तर देवळात असेल. बाजारातला असेल तर दुकानात. काचेच्या घरात कोण ठेवतं? प्रतिमा अस्पष्ट आहे. आणि चौथ्या ओळीत एक मात्रा जास्त होतेय."

"हं," राजेंद्र म्हणाला, आणि त्याने आमटी ताटाबाहेर वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती वजनकाट्यापाशी बसून होती. वाऱ्याच्या झुळकेने माप चुकू नये म्हणून त्या नाजूक काट्याभोवती काचेची पेटी असते. तिची दारं हळू सरकवायची आणि श्वास रोखून आकडा बघायचा. हे काम ती गेली कित्येक वर्षं करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेचं दार सरकवता सरकवता तिने शेजारी बसलेल्या आम्रपालीला विचारलं. आम्रपाली जीवशास्त्र शिकवायची.

"काटा ठरवून आणता येतो का गं?"

"नाही. तो स्नायू आपल्या ताब्यात नसतो."

"पण थंडीने येतो."

"थंडीने येतो," आम्रपाली म्हणाली, आणि पुढचं काही न विचारता तिने डबा उघडला. काहीजणी मैत्रीण म्हणून चांगल्या असतात आणि म्हणूनच वेळेला उपयोगाच्या नसतात.

हैबतीकाकांनी जिन्यात वेगळा सल्ला दिला. "मॅडम, गानं कानानं नाय ऐकायचं. पोटानं ऐकायचं. उपाशी ऱ्हावा आनि ऐका." उज्वला उपाशी राहिली. पोटात आवाज आले, ते तालात नव्हते.

शेवटी शनिवारी दुपारी तिने फ्रिजचा दरवाजा उघडला, मधल्या कप्प्यात हात घातला आणि वाट पाहिली. निसर्गाने आपलं काम चोख केलं. उजव्या हाताने फोटो काढून तिने तो पाठवला आणि खाली लिहिलं, 'गाणे क्र. ३. काटा आला (नैसर्गिक).'

पहिला प्रतिसाद रूपालीचा. 'वहिनी, मागे दुधी आहे का?'

होता. हाताच्या मागे, दव धरलेला, देठासकट. मग ग्रुपला जो ऊत आला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. दुधी कुठला, कितीला, त्याच्या सालीची चटणी होते का, कोफ्ते करताना पाणी पिळायचं की नाही. उज्वलाच्या आजवरच्या कोणत्याही अभिप्रायाला पडले नव्हते इतके बदाम त्या दुधीला पडले.

माणसाने इथे मोबाइल बाजूला ठेवावा. उज्वलाने खुलासा केला. 'अंगात जराशी कसर आहे. औषध घ्यायला फ्रिज उघडला होता.'

हैबतीकाकांनी अंगठा दिला. पण आयुष्यात पहिल्यांदा ते अंगठ्यावर थांबले नाहीत. पावसाचे दिवस, पुराचं पाणी गल्लीत येऊन गेलेलं, आणि मॅडमला थंडी वाजून काटा येतोय म्हटल्यावर त्यांनी ज्येष्ठ नागरिकाचं कर्तव्य केलं. सोमवारी सकाळी दारात आरोग्यसेविका उभी. रेश्मा तिचं नाव. हातात ताप सर्वेक्षणाची वही आणि पेटी.

"काटा कधीपासून येतो?"

"मला काटा येत नाही," उज्वला म्हणाली. हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

"लोक म्हणतात येतो. रोज येतो की एक दिवसाआड?"

"गाणं ऐकताना यायला हवा."

रेश्माचं पेन थांबलं. "गाणं ऐकू येतं? आत्ता पण येतंय?"

"आत्ता कसं येईल! लावलं की येतं."

"म्हणजे अधूनमधून," रेश्माने लिहून घेतलं, आणि 'इतर लक्षणे' या रकान्यात जागा पुरेना म्हणून समासात उभं लिहिलं. मग तिने बोट टोचून रक्त घेतलं, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या केल्या, पिंपात औषधाचे थेंब टाकले, दारावर खडूने एक खूण केली आणि बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत गर्दीत जायचं नाही."

"मला रविवारी वाडीत सोहळ्याला जायचंय."

"डासांना रविवार नसतो, मॅडम."

दारावरच्या खुणेचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाने आपापला लावला. दूधवाला पिशवी कठड्याला अडकवून जाऊ लागला. विद्यार्थी गॅलरीखालून "मॅडम, बऱ्या व्हा" म्हणून ओरडून गेले. आणि बुधवारी रूपाली पेज घेऊन आली. पितळी डब्यात, वर तूप, शेजारी लिंबाचं लोणचं. मत्सर करायला अत्यंत गैरसोयीची बाई होती ती.

"गरम आहे तोवर घ्या, वहिनी." ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. "भावोजींचं गाणं नीट ऐकलंत ना?"

"ऐकलं. चौथ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे."

"मात्रा!" रूपाली हसत सुटली. मग एकदम हसायची थांबली आणि उज्वलाकडे असं बघू लागली जसं आपण चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्याकडे बघतो. "वहिनी, खरं सांगू? बाकीच्यांना काटा आला. पाचव्याला मला रडू आलं."

पेज उत्तम होती. उज्वलाने एका घोटानंतर डबा बाजूला ठेवला. माझ्या नवऱ्याच्या गाण्याला हिला रडू येतं. मला मात्रा दिसते आणि हिला रडू येतं. आणि तो? तो शीळ घालतो. रात्री त्याने भाजीला "छान झालीय" म्हटलं तेव्हा ती दुधीची भाजी आहे, आणि हे वाक्य कुणाकडून तरी शिकल्यासारखं वाटतंय, अशा दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या.

रविवारी सकाळी रेश्माचा फोन आला. "मॅडम, रिपोर्ट आला. तुमच्या रक्तात काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ही बातमी आनंदाने सांगण्यासारखी आहे असं रेश्माला वाटत होतं. उज्वला मात्र फोन ठेवून बराच वेळ आपल्या टोचलेल्या बोटाकडे बघत राहिली.

वाडीतलं देऊळ चढावर होतं. एसटीने पोलादपूर, पुढे जीप, शेवटचा तुकडा चिखलातून पायी. सभामंडपात सतरंज्या, भिंतीला टेकून दोन मोठे स्पीकर, लाकडी मंचावर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर रूपाली बसली होती, मोरपंखी साडी, अंबाडा, छातीवर फीत. फितीवर लिहिलं होतं, 'जाणकार श्रोत्या.' उज्वलाला खाली, बायकांच्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली. शेजारी येसूबाई म्हणून एक म्हातारी होती.

"तू राजंदरची बायकू ना गो?"

"हो."

"गानं आयकलास त्याचं?"

"ऐकलं."

"मंग?" म्हातारीने मान कलती करून वाट पाहिली. उज्वला स्पीकरकडे बघू लागली, तशी ती खांबाला टेकली. "त्यो पन ह्याच देवळाच्या पायरीवर बसून ऱ्हातो बग. वाट बगत. लहानपनापासनं तसाच हाय."

गण झाला, गवळण झाली, स्पीकर मंडप हलवत होते. चौथं गाणं संपलं आणि वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, माइक मुका झाला. पावसाचा आवाज तेवढा राहिला. त्यातच कुणीतरी येऊन सांगितलं की शक्तीवाल्यांचा टेम्पो खाली झाड पडलंय तिथे अडकलाय.

कुशाबा उठले. "मशीन गेली तर जावं द्या. गळा हाय ना आपला? ये रं राजंदर. आन रं ती ढोलकी."

राजेंद्र पुढे आला. विजारीला चिखल, शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली. उज्वलाचा हात सवयीने कॉलरकडे गेला आणि खांबाला लागला. तो गाऊ लागला. हेडफोनमध्ये जो आवाज घासून पुसून आला होता तो इथे अगदी साधा होता. मोरीत अंघोळ करताना असतो तसा.

जोखत बसलीस जगाचा माल
काचंच्या घरात तुझा तराजू गो,
पारड्यात बसलो मी सालोसाल
काटा हलंना कसा माझ्या बाजू गो!

उज्वलाने मनात मात्रा मोजल्या. एक मात्रा जास्त होती ती याही वेळी जास्तच होती. आणि मग, हेडफोन नसताना, हाताकडे लक्ष नसताना, तिला ती काचेची पेटी दिसली. हळू सरकवायची दारं. आत थरथरणारा काटा. महाड आणि पोलादपूर मिळून काचेच्या घरात तराजू ठेवून बसणारी बाई एकच होती, आणि तिने त्या ओळीला 'प्रतिमा अस्पष्ट' म्हटलं होतं.

हा सवाल देवीला नव्हता. आणि सवालाला गुण देत नाहीत. जवाब देतात.

तिने हाताकडे पाहिलं. केस झोपलेले. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

ढोलकीवर शेवटची थाप पडली. कुशाबांनी मंडपभर नजर फिरवली. "शक्तीवाले वाटेत हायत. पन सवाल पडलाय तो पडलाय. त्यांच्या बाजूनं कुनी बाय जवाब देतंय का? गावून नाय जमलं तर बोलून द्या. नायतर हार लिवतो."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. राजेंद्र ढोलकीच्या वादीशी चाळा करत खाली बघत होता. आणि मंचावरच्या मधल्या खुर्चीवरून रूपाली उठली.

उठली, म्हणजे उठायला लागली. आधी तिने पदर सावरला. मग पिन काढली. ती दातात धरून निऱ्या नीट केल्या, पिन पुन्हा लावली, ती मनासारखी बसली नाही म्हणून पुन्हा काढली. दिवसाला पन्नास पदर लावून दाखवणाऱ्या मॅचिंग सेंटरच्या मालकिणीला एका पिनेला इतका वेळ का लागावा, हा विचार उज्वलाच्या मनात त्या क्षणी आला नाही. तिला एवढंच दिसलं की आपल्या नवऱ्याच्या सवालाला ती बाई जवाब देणार आहे. मोरपंखी साडीत. फीत लावून.

"थांबा!" उज्वला म्हणाली.

तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. येसूबाईच्या पायावरून, कुणाच्या तरी छत्रीवरून ती मंचाशी पोचली. पायरीवर दोघी समोरासमोर आल्या.

"फोटोत पंखा चालू होता ना?" उज्वलाने दबल्या आवाजात विचारलं. हे आत्ताच विचारायला हवं होतं.

"तीनवर," रूपाली दातातल्या पिनेतून म्हणाली. "जा आता वर."

वर गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोलायचं ते ठरवलेलंच नाही. माइक मेलेला. शेदोनशे माणसं. समोर कॉलर दुमडलेला नवरा, अजून वर न बघणारा.

"पाचव्या गाण्याचा निकाल," ती वर्गात बोलायची तसं बोलली. "चौथ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. कुशाबांनी भुवया चढवल्या. राजेंद्रने मान हलवली, अपेक्षा होती तसंच झालं अशी, आणि ढोलकी उचलायला वाकला.

"ती राहू द्या तशीच," उज्वला म्हणाली. तो वाकलेलाच थांबला. "तराजूवालीने सांगितलंय, माप चुकलं होतं. काटा हलला आहे." तिने पुढे होऊन त्याची कॉलर सरळ केली आणि उरलेला निकाल मंडपाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात वाचून दाखवला. "तुमच्याच बाजूला. पहिल्या सालच्या पहिल्या गाण्याला हलला, तो अजून माघारी आलेला नाही."